दाब, धर, सोड

१

ज्योतीरामच्या टेंपोच्या पुढच्या चाकांतून बरेच दिवस कर्रकर्र आवाज येत होता. ब्रेक दाबला की लोखंडावर लोखंड घासायचं आणि ऐकणाऱ्याच्या दातांत शिरशिरी जायची. ड्रमच्या आतले लायनर झिजून रिवेटा घासायला लागल्यात, हे शेंबडं पोरसुद्धा सांगेल. भोसरीपासून चिंचवडपर्यंत रस्त्याच्या कडेला गॅरेजांना तोटा नव्हता. पण ज्योतीराम गाडी गॅरेजात नेणाऱ्यातला नव्हे. त्याच्या वस्तूला दुसऱ्यानं हात लावला की त्याचं डोकं फिरायचं. त्याच्या वस्तूंत टेंपो होता, पाने-हातोडे होते आणि बायको होती.

गुरुवार होता. गुरुवारी कारखान्यांची वीज बंद, म्हणून कारखाने बंद, म्हणून कारखान्यांचा ओतीव माल वाहणारा टेंपोही बंद. न्याहारी उरकून त्यानं गाडी अंगणात घेतली. पिंपळे गुरवात चिमाबाई म्हातारीच्या मळ्याच्या कडेला एक खोली भाड्यानं घेऊन हे जोडपं राहत होतं. मोठ्या दुष्काळात बार्शीकडून आलेलं. अंगण म्हणजे नदीकडं उतरत गेलेला मुरमाड तुकडा. टेंपोचं तोंड घराकडं आणि पाठ उताराला. त्यानं हँडब्रेक ओढला, मागच्या चाकामागं पाट्याएवढा दगड टेकवला, जॅक लावून पुढचं अंग उचललं आणि हातोड्यानं ड्रम ठोकायला लागला. काम त्याला येत होतं, खोटं कशाला बोलायचं. दुपार कलायच्या आत दोन्हीकडचे लायनर बदलून झाले. चाकं मात्र अजून बाजूलाच पडली होती, कारण ब्रेकच्या नळीतली हवा काढायची राहिली होती.

ह्या कामाला दोन माणसं लागतात. एक सीटवर, एक गाडीखाली. खालचा म्हणतो 'दाब', वरचा पायडल दाबतो. खालचा म्हणतो 'धर', वरचा ते दाबून धरतो, तेवढ्यात खालचा नळीचं तोंड जरा सैल करून हवा नि तेल बाहेर सोडतो आणि परत आवळतो. मग म्हणतो 'सोड'. वरच्याला खालचा दिसत नाही, खालच्याला वरचा दिसत नाही. सगळा कारभार आवाजावर. गॅरेजात ह्या कामाला कुणीतरी पोऱ्या असतो. ज्योतीरामकडं शालन होती.

शालनला सहावा लागला होता. पहिली खेप त्याच्याच लाथेनं गेली होती, आणि दवाखान्यात तिनं मोरीत पाय घसरला म्हणून सांगितलं होतं. ह्या खेपेचं पोर पोटात चांगलं सळसळायचं. पण गेल्या आठवड्यात भाजीत मीठ जास्त झालं, पुन्हा लाथ बसली, आणि तेव्हापासून पोट गप्प होतं. ती रात्रंदिवस पोटावर हात ठेवून वाट बघत होती. बाकी तिला काही नको होतं. मार सोसायला तिची ना नव्हती, एवढं पोर तेवढं हलू दे, जगू दे, असं ती दिसेल त्या देवाला सांगत होती.

त्या दिवशीही ती पोट सावरत सीटवर चढली आणि तिनं पायडलवर पाय ठेवला.

२

"दाब," खालून आरोळी आली.

तिनं दाबलं.

"धर. धर म्हनतो ना. सोड."

त्याचं सगळं असंच, ओरडून. हाक मारायची झाली तर 'ए'. लग्नात उखाणा घेताना त्याच्या तोंडून तिचं नाव आलं असेल तेवढंच. ती त्याला 'अहो' म्हणायची, तेही अर्धं ओठातच राहायचं. पाय उशिरा उचलला तर खालून पाना यायचा, लवकर उचलला तर तो स्वतः यायचा. आजार रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला, तशातली गत. नळी गळो, रिवेट तुटो, ड्रम अडको, मार शालनलाच.

पुष्कळ वेळ असं चाललं. तिच्या पोटरीत गोळा आला. पाय थरथरायला लागला आणि आता चुकणार, आता बसणार, असं वाटून तिनं डोळे मिटून घेतले.

"दमलीस ना? टेकव जरा पाय," खालून आवाज आला.

आवाज ज्योतीरामचाच. तोच घोगरा, तंबाखूनं चरबट झालेला. पण असं बोलणं तिनं त्याच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. तिला आधी भीतीच वाटली. मारायच्या आधी तो कधीकधी गोड बोलायचा, पण ते गोड वेगळं, त्यात कुचका वास असायचा. ह्यात तो नव्हता. तिनं डोळे उघडले आणि समोरच्या काचेतून पाहिलं.

ज्योतीराम घराच्या दारात उभा होता. रांजणातलं पाणी तांब्यानं घशात ओतत होता. पाणी हनुवटीवरून गळत होतं आणि गळ्याची घाटी वरखाली होत होती.

शालननं स्वतःची समजूत घातली. गेल्या महिन्यात कानशिलात बसल्यापासून तिचा डावा कान वाजत होता. कधी घंटा वाजायची, कधी कुणी पुटपुटल्यासारखं व्हायचं. तो बाहेर निघतानाच बोलला असेल आणि आपल्या फुटक्या कानाला उशिरा ऐकू आलं असेल. त्याला दया आली असेल का, एवढाच काय तो प्रश्न. तो सोडवायला ती तयार नव्हती.

३

थोड्या वेळात ब्रेकचं तेल संपलं. ज्योतीरामनं रिकामा डबा पायानं उडवला, शेजारच्या माणसाची सायकल घेतली आणि दापोडीकडं निघाला. जाताना त्यानं बजावलं की पायडल दाबून ठेव, वर आलं तर हवा परत शिरेल, मी येईस्तोवर हलायचं नाही. ती हलली नाही. जाताना त्याची पाठ तिनं नीट पाहिली. मळ्याच्या बांधावरून वळून सायकल दिसेनाशी झाली, तेही पाहिलं.

कारखाने बंद असले की सगळा भाग गपगार पडायचा. लांबवर कुणीतरी कडबा तोडत होतं. उन्हानं टपाचा पत्रा तापून टकटक वाजत होता.

"सोड," खालून आवाज आला.

तिचा पाय आपोआप उचलला गेला. मारून मारून शिकवलेला पाय तो, त्याला विचार करायची सवय नव्हती. पाय वर आल्यावर मग तिला बांधावरून दिसेनाशी झालेली सायकल आठवली.

"अहो?" तिनं हलक्या आवाजात विचारलं.

नवऱ्याचं नाव घेऊन हाक मारावी, म्हणजे खाली कोण आहे ते कळेल, असं तिच्या मनात आलं. पण नाव ओठावर येईना. आणि नावाला खालून 'ओ' आली असती तर काय केलं असतं?

"दाब."

तिनं दाबलं.

"धर हं. असंच. आत्ता झालं." नळीचं तोंड सैल झाल्याचा आवाज आला, हवा फुसफुसली, मातीत तेल ठिबकलं. "सोड, शालन."

तिचं नाव. माहेर सुटल्यापासून तिला ह्या नावानं कुणी हाक मारली नव्हती. चिमाबाई पोरी म्हणायच्या, बाकी आळी टेंपोवाल्याची बायको म्हणायची. तिला हुंदका आला. आता ह्याला काय म्हणावं? त्या तीन अक्षरांनी ती विरघळली. भीती होतीच. पण खालून मारायला कुणी येणार नाही हेही तिला कळत होतं, आणि अशी खात्री तिला लग्नानंतर पहिल्यांदाच वाटत होती.

तेवढ्यात चिमाबाई डोक्यावर गवताचा भारा घेऊन बांधावरून आल्या. कुणाशी बोलतीयास, मालक तर सायकलीवर जाताना दिसला, असं त्यांनी विचारलं. शालननं नुसतं खाली बोट दाखवलं. चिमाबाईंनी भारा टाकला, त्या गुडघ्यावर हात टेकून वाकल्या आणि टेंपोखाली पाहिलं.

वाकल्या त्या बराच वेळ वाकलेल्याच राहिल्या. मग सरळ झाल्या, भारा तिथंच टाकून, पदर तोंडात कोंबून भराभरा आपल्या घराकडं चालत्या झाल्या. शालननं हाक मारली तरी मागं बघितलं नाही. त्यांच्या घराचं दार लागल्याचा आणि आतून कडी सरकल्याचा आवाज आला.

"त्यांचं राहू दे," खालून आवाज म्हणाला. "दाब."

४

ज्योतीराम आला तो तेलाचा डबा घेऊन थेट गाडीखाली शिरला. क्षणात बाहेर आला. डाव्या बाजूचं काम पुरं झालं होतं. नळीचं तोंड घट्ट आवळलेलं, भोवतीचं तेल बोटानं पुसून घेतलेलं, आणि पाने थोरला-धाकटा लावून ओळीत मांडून ठेवलेले. ज्योतीरामनं आयुष्यात कधी पाने ओळीत ठेवले नव्हते.

"कोन आलं हुतं?" त्यानं विचारलं.

कुणी नाही, असं तिनं सांगितलं, आणि ते खरंही होतं. त्यानं दार उघडून तिला दंडाला धरून खाली ओढलं. ती गुडघ्यावर पडली. दोन्ही हात पोटावर गेले म्हणून तोंड मोकळं राहिलं, आणि त्यानं तोंडावरच मारलं. मग पाना घेऊन मांडीवर, पाठीवर. ओठ फुटून रक्त मुरमात गळालं. तो विचारत राहिला, कोण येतं, कधीपासून येतं, माझ्या पान्यांना हात कुणी लावला. नवऱ्यानं मारलं आणि पावसानं झोडलं तर दाद कुणाकडं मागायची, असं आपल्याकडं शहाणी माणसं मान हलवत म्हणतात. ते म्हणणाऱ्याला एकदा त्या मुरमावर गुडघे टेकून बसवलं पाहिजे. आळीत दोन दारं किलकिली झाली आणि परत लागली.

मारता मारता तो थांबला. त्याची नजर तिच्या पोटावर धरलेल्या हातांवर गेली.

"हे तरी माझं हाय का?" तो म्हणाला. आता तो ओरडत नव्हता. "चाकं चढवून घेतो. मग ह्याचा निकाल लावतो. पयल्याचा लावला तसा."

तिनं वर पाहिलं. हा माणूस रागात काहीबाही बोलायचा आणि विसरायचा, पण हे तो विसरणार नव्हता. ती उठेना म्हणून त्यानं हाताला येईल ते घेतलं. टेंपोच्या मागच्या चाकामागचा दगड हाताला आला. तो त्यानं दोन्ही हातांनी उपटून तिच्यावर फेकला. ती बाजूला सरली, दगड टेंपोच्या दाराच्या पत्र्यावर आदळला आणि उताराला गडगडत पार बाभळीपर्यंत गेला. जॅकवर चढवलेली गाडी दगडाशिवाय उभी होती, नुसत्या हँडब्रेकवर. गाड्यांचं काम जाणणारा माणूस तो, हे त्याला कळायला हवं होतं. पण रागाच्या भरात त्यानं तिला ढकलून सीटवर चढवलं आणि उजव्या बाजूनं गाडीखाली सरकला.

५

सीटवर तिला श्वास घेता येत नव्हता. नाकातलं रक्त ओठावर येत होतं. पायडलशेजारी टेंपोचा तळ गंजून तळहाताएवढं भोक पडलं होतं, त्यातून खालची माती दिसायची. तिथं बघायचं नाही असं तिनं ठरवलं, आणि बघितलं.

भोकाखाली एक हात उताणा पडला होता.

ज्योतीरामचा नव्हे. त्याचा हात पलीकडं उजव्या बाजूला होता, पान्याची खडखड तिकडून येत होती. हा हात स्वच्छ होता. तेलाचा एक डाग नाही. बोटांना नखं नव्हती, पेरंही नव्हती. घासून घासून गुळगुळीत झालेली पाच बोटं होती. ती हळूच मिटली आणि उघडली, मिटली आणि उघडली, पायडल दाबून सोडावं तशी. ती ओरडणार होती, पण ओरडली असती तर ज्योतीराम बाहेर आला असता. म्हणून तिनं पदर दातात धरला.

"दाब," ज्योतीराम उजवीकडून ओरडला.

तिनं दाबलं.

"धर."

"हँडब्रेक सोड, शालन," भोकातून आवाज आला. तोच आवाज, तोच घोगरा. पण त्यात माया होती.

तिनं मान हलवली. नाही म्हणून हलवली की रडू आवरत नव्हतं म्हणून, तिला सांगता आलं नसतं.

"कोनाशी बोलतीयास गं?" ज्योतीराम खालून गुरकावला. "थांब, येतोच मी."

खालची खडखड थांबली. तो बाहेर सरकू लागला, पाठ मुरमावर घासल्याचं ऐकू आलं. तिच्या पोटावर तिचा डावा हात होता. पोट गार होतं, गप्प होतं. निकाल लावतो, असं तो म्हणाला होता.

"सोड," आवाज म्हणाला. "मी आहे."

पुढं लोकांनी विचारलं तेव्हा शालन म्हणाली की आपोआप झालं. तसं नव्हतं. तिला दोन्ही आवाज ऐकू आले होते, कोणता कुणाचा हे पक्कं ठाऊक होतं, आणि तिनं उजव्या हाताचा अंगठा दांड्याच्या टोकावर ठेवून दाबला आणि दांडा खाली टाकला.

नळीचं तोंड त्यानं सैलच टाकलं होतं, पायडलला जोर नव्हता; गाडी मागं सरली. जॅक कलला, एकदा चरचरला आणि निसटला. चाक नसलेला उजवा ड्रम खाली आला. आधी कांडी मोडल्यासारखा आवाज झाला, मग ओला आवाज झाला. ज्योतीराम ओरडला नाही, तेवढी हवा त्याच्या छातीत उरली नव्हती. टाचा मुरमात जोरानं घासत राहिल्या. मग घासणं थांबलं. गाडी वीतभर मागं जाऊन, नांगरासारखी रुतून उभी राहिली.

"धर," आवाज म्हणाला. "झालं. आता पाय काढ."

६

मार चालला होता तेव्हा लागलेली दारं आता सताड उघडली. माणसं धावली, वासे आणले, गाडी उचलली. ज्योतीरामला ओढून काढलं तेव्हा त्याच्या छातीत ड्रमएवढा खड्डा पडला होता आणि नव्या कोऱ्या लायनरचा ड्रम रक्तानं भिजला होता. दोघांना जागच्या जागी ओकारी झाली. बाजेवर घालून त्याला हमरस्त्याकडं नेलं, पण ते नेणं नुसतं रीतीचं होतं.

दगड कुठं गेला, असं कुणी तरी विचारलं. दुसऱ्यानं बाभळीखाली दाखवला. दारावरचा पोचा सगळ्यांनी बघितला, शालनचं तोंड बघितलं, आणि बोलायची गरज उरली नाही. माणूस रागानं गेला, असं ठरलं. हँडब्रेकचा दांडा वर होता की खाली, हे कुणी पाहिलं नाही. पाहिलं असेल तर सांगितलं नाही.

चिमाबाईंनी तिला खाली उतरवलं. त्यासाठी त्या टेंपोला अंग लागू न देता, हात लांब करून उभ्या राहिल्या. उंबऱ्यावर बसवून त्यांनी तिचं तोंड पुसलं, पाणी पाजलं. शालननं त्यांचं मनगट धरून विचारलं की मघाशी खाली काय दिसलं.

"म्या काय बी बघितलं न्हाई," म्हातारी म्हणाली. "तू बी न्हाई. इच्यारू नगं."

७

दिवस कलला तेव्हा अंगण रिकामं झालं होतं. पुरुष माणसं प्रेताबरोबर गेली होती, बाया चिमाबाईंच्या ओसरीवर कुजबुजत होत्या. टेंपो वाशांवर टेकवून ठेवला होता. त्याच्याखाली नुसता ओला मुरूम होता, दुसरं काही नव्हतं. शालननं उंबऱ्यावरून तिथं नीट बघितलं, पुन्हा पुन्हा बघितलं. तिला रडू येत नव्हतं. आपण सुटलो, असं तिला वाटत होतं आणि त्याची शरम वाटत होती, पण सुटलो हे मोठं होतं. राहिली होती एकच काळजी, तिनं पोटावर हात ठेवला.

"दाब."

आवाज टेंपोखालून आला नाही. तो खालूनच आला, पण जवळून, फार जवळून. शालनचे दोन्ही पाय जमिनीवर होते. तिनं ते हलवले नाहीत. आता आपण कुणाचं ऐकायचं नाही, कधीच नाही, असं तिनं मनाशी म्हटलं.

पोटात इवल्याशा पायानं आतून दाबलं.

ती दचकली तशा शेजारी बसलेल्या चिमाबाई पुढं झाल्या. त्यांनी तिच्या पोटावर हात ठेवला आणि त्यांचं सुरकुतलेलं तोंड उजळलं. डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

"जित्तं हाय गं पोरी," त्या म्हणाल्या. "पाय मारतंय बघ."

"सोड," आवाज म्हणाला. पाय आत गेला. "दाब." पाय पुन्हा आला, त्याच जागी. चिमाबाई हसत होत्या, रडत होत्या, माझ्या खंडोबा म्हणत होत्या. त्यांना ऐकू येत नव्हतं. शालनही हसू लागली होती, कारण पोर जगलं होतं, आणि ह्याहून जास्त तिनं कुठल्याच देवाकडं मागितलं नव्हतं.

"धर," आवाज म्हणाला, त्याच मायेनं.

पाय दाबलेलाच राहिला. पोटाची कातडी ताणून टाचेएवढा उंचवटा तसाच वर राहिला. चिमाबाईंचं हसू हळूहळू विरलं. त्यांनी हात काढून घेतला, पदराला पुसला आणि त्या उंचवट्याकडं बघत राहिल्या.

"किती येळ धरून ठिवतंय गं ह्ये?" त्यांनी विचारलं.

खालून 'सोड' ऐकू यायची शालन वाट बघत होती.